पेल्यावरची ती बारीक वेटोळी

परवा डोंबिवलीत मावशीचं कपाट आवरताना काचेचे सहा जुने पेले हाती लागले. काठाखाली एकमेकांत गुंतलेल्या बारीक वेटोळ्यांचा पट्टा. "किती निगुतीनं हातानं कोरलंय रे!" मावशी म्हणाली.

हातानं नाही, मावशी, यंत्रानं. आणि खरं तर कोरलेलंही नाही!

आधी पेल्याला मेणाचा थर देतात. पेला यंत्रावर गोल फिरतो आणि दंतचक्रांच्या तालावर हलणाऱ्या सुया मेणावर नक्षी ओढतात. सुई काचेला ओरखडत नाही, फक्त मेण बाजूला करते. मग पेला हायड्रोफ्लोरिक आम्लात बुडवतात. उघडी पडलेली काच तेवढी झिजते. मेण काढलं की नक्षी तयार.

ओळखायची खूण म्हणजे रेघ सगळीकडे सारख्याच जाडीची असते. चाकावर कापलेली रेघ मध्ये खोल आणि टोकांना निमुळती होते.

ठाण्या-कल्याणकडे काचेच्या दारांवर दिसणारे धुरकट मोर आणि गणपती मात्र बहुतेक वाळूच्या माऱ्याचे. ती पद्धत अमेरिकेतल्या बेंजामिन टिल्मननं 1870 मध्ये शोधली. आणि स्टीलच्या डब्यावर दुकानदार नाव घालतो, ते थरथरणाऱ्या टोकाच्या ठोक्यांनी. जवळून बघा, ठिपके दिसतील.

पेल्यांसाठी वापरतात ते हायड्रोफ्लोरिक आम्ल घरी आणून प्रयोग अजिबात करू नका. ते त्वचेतून थेट हाडापर्यंत पोचतं.

तुमच्याकडे असे जुने पेले असतील तर नक्षीचा जवळून फोटो टाका. कशानं केलीय ते मिळून ओळखू.