पाटसचं कार्ड परदेशी निघालं

देशातल्या पत्त्यावर पोस्टकार्ड 50 पैशांत पोचतं. पाटसच्या टपाल खिडकीवर तेच कार्ड लंडनच्या भाच्यासाठी पुढे केलं, की हिशेब बदलतो. हवाई टपालाच्या पोस्टकार्डाला बरीच वर्षं 12 रुपये पडत असत, मग देश जवळचा असो की दूरचा. दर अधूनमधून सुधारतात, म्हणून आधी खिडकीवर विचारलेलं बरं.

हा फरक जुनाच आहे. 1 जुलै 1879 रोजी भारतात पोस्टकार्ड आलं, तेव्हा देशांतर्गत कार्ड पाव आण्याचं होतं आणि परदेशी कार्ड दीड आण्याचं, म्हणजे सहापट! भारत 1876 मध्ये जागतिक टपाल संघात सामील झाला होता. संघाचा नियम सुटसुटीत: तिकीट पाठवणाऱ्या देशाचं, वाटप पोचणाऱ्या देशाचं.

तिकिटांची निवड हा खरा मजेचा भाग. एकच मोठं तिकीट लावण्यापेक्षा दोन-तीन लहान, रंगीत तिकिटं कार्डावर शोभतात. फक्त पत्त्याला जागा उरली पाहिजे. पाटसकरांना शोभणारं एक तिकीट म्हणजे 1989 मधलं पंडिता रमाबाईंचं. त्यांचं मुक्ती मिशन शेजारच्या केडगावात, आणि त्या कामाला परदेशातून मदत येत असे. ते तिकीट आता बहुधा संग्राहकांकडेच मिळेल. नवी स्मारक तिकिटं हवी असतील, तर पुण्याच्या मुख्य टपाल कार्यालयात चौकशी करावी.

पत्ता रोमन लिपीत, देशाचं नाव शेवटच्या ओळीत ठळक अक्षरांत. ‘एअर मेल’ लिहायला विसरू नये.