मोठ्यांच्या पंगतीत छोट्यांचं पान

26 सप्टेंबर 2017 रोजी दक्षिण फ्रान्समधल्या तार्बहून एअरबसचं एक ए-340 विमान उडालं आणि साडेतीन तासांहून थोडा अधिक वेळ हवेत राहून तुलूझला उतरलं. त्याच्या दोन्ही पंखांचे बाहेरचे भाग काढून तिथे सुमारे दहा मीटरचे नवे भाग बसवले होते. हवा भोवरे न करता, थराथराने सरकत गेली तर पंखाचं घर्षण निम्म्यावर आणता येईल का, हे तपासायचं होतं. अशा पंखाला किड्यांचा चिकटा किंवा रिव्हेटचं जरा वर आलेलं डोकंसुद्धा चालत नाही. तेवढ्यानेही प्रवाह बिघडतो. त्यामुळे 'ब्लेड' नावाच्या या प्रकल्पात एअरबस, साब, जीकेएन अशा बड्या मंडळींबरोबर बर्लिनची 'फाइव्हमायक्रॉन' ही छोटी कंपनीही होती. तिचं काम पृष्ठभाग मोजण्याचं.

असं काम येणारे छोटे कारखाने युरोपात पुष्कळ आहेत. प्रश्न असतो तो त्यांना आत कसं घ्यायचं याचा.

युरोपीय संघाच्या व्याख्येनुसार अडीचशेपेक्षा कमी माणसं आणि जास्तीत जास्त पाच कोटी युरोंची उलाढाल असलेली कंपनी लघु-मध्यम ठरते. संघाच्या संशोधन निधीसाठी एरवीची अट दिसायला सोपी: निदान तीन वेगवेगळ्या देशांतल्या तीन स्वतंत्र संस्थांनी एकत्र यायचं. प्रस्तावाला उत्कृष्टता, परिणाम आणि अंमलबजावणी अशा तीन कसोट्यांवर पाचपैकी गुण मिळतात. पण ब्रुसेल्सने प्रस्ताव मागवल्याची घोषणा होते तेव्हा विमान क्षेत्रातल्या बऱ्याच पंगती आधीच मांडून झालेल्या असतात. कोणाला बोलवायचं हे ठरवणारे मोजकेच: विमान बांधणारे, इंजिनं बनवणारे आणि त्यांना थेट पुरवठा करणारे. त्यांच्या संशोधन विभागात ओळख नसलेल्या चाळीस माणसांच्या कारखान्याला घोषणा वाचून कळतं तेव्हा उशीर झालेला असतो.

ही अडचण ओळखून 1990च्या दशकाच्या अखेरीस युरोपीय आयोगाच्या पाठबळाने 'एरोएसएमई' सुरू झालं. ते चालवणारी होती विमान उद्योगाची संघटना 'एक्मा', जी 2004 मध्ये 'एएसडी'मध्ये विलीन झाली. कोणत्या छोट्या कंपनीला काय येतं याची नोंद ठेवायची, येऊ घातलेल्या विषयांची खबर वेळेत पोचवायची, बड्या कंपन्यांशी गाठ घालून द्यायची, नियम समजावून सांगायचे, असं ते काम. 'स्क्रॅच' नावाचा जोडीचा उपक्रम उलट्या टोकाने जाई. तिथे कल्पना छोट्या कंपनीची असे. तिला भागीदार शोधून द्यायचे आणि प्रस्ताव लिहायला हात द्यायचा. मला या दोन्हींत दुसरा अधिक मोलाचा वाटतो. बोलावणं आलं म्हणून जाणं आणि आपणच चार जणांना बोलावणं, यात फरक आहे.

मदतीची गरज का भासे, हे संघाच्या सहाव्या संशोधन आराखड्याकडे (2002 ते 2006) पाहिलं की कळतं. त्या काळात प्रकल्पांचा आकार एकदम फुगला. एअरबसच्या नेतृत्वाखालच्या 'व्हिव्हास'मध्ये साठहून अधिक भागीदार होते आणि खर्च सात कोटी युरोंच्या वर. शिवाय एका भागीदाराने हात वर केले तर त्याचा आर्थिक बोजा इतरांवर पडू शकेल, अशी सामूहिक जबाबदारीची तरतूद होती. बड्या कंपनीचे वकील ते निभावून नेतील. छोट्या मालकाने मात्र घर गहाण टाकण्याचाच विचार करावा. सातव्या आराखड्यात, 2007 पासून, आगाऊ रकमेतून पाच टक्के बाजूला काढून सामाईक हमी निधी उभा झाला आणि ही टांगती तलवार गेली. त्याच आराखड्यात छोट्यांना संशोधन खर्चाच्या 75 टक्क्यांपर्यंत परतावा मिळू लागला, बड्यांना 50. माझ्या मते हमी निधीने जेवढं काम केलं, तेवढं या वाढीव टक्केवारीने केलं नाही.

मोठा बदल 2008 मध्ये 'क्लीन स्काय' या आयोग आणि विमान उद्योगाच्या संयुक्त संशोधन कार्यक्रमामुळे झाला. एकूण 1.6 अब्ज युरो, निम्मे आयोगाचे, निम्मे उद्योगाचे. आयोगाच्या वाट्यातला किमान चौथा हिस्सा खुल्या प्रस्तावांतून निवडलेल्या भागीदारांसाठी राखला होता, आणि तिथे एकट्या कंपनीलाही अर्ज करता येई. तीन देशांची जमवाजमव नको, ब्रुसेल्सच्या वाऱ्या नकोत. विषयही नेमका: अमुक जोडणी, तमुक मोजमाप, इतक्या महिन्यांत. ज्यांनी कधी युरोपीय अर्जाला हात लावला नव्हता, अशा कंपन्या यातून आत आल्या.

याची किंमतही होती. विषय लिहिणार बडी कंपनी, काम तपासणार तीच, आणि निकाल वापरणारही बहुधा तीच. नाव भागीदाराचं, वागणूक ठेकेदाराची, अशी तक्रार करायला इथे जागा होती. म्हणून करारातलं बौद्धिक संपदेचं कलम छोट्याने सगळ्यात आधी वाचावं. प्रकल्पाआधीचं आपलं ज्ञान कोणतं, ते यादी करून नोंदवावं. नाही तर पुढे आपल्याच युक्तीवर हक्क सांगायची पंचाईत.

2021 मध्ये त्याच वळणाचा पुढचा कार्यक्रम 'क्लीन एव्हिएशन' आला आणि चक्र पुन्हा मोठ्या प्रकल्पांकडे फिरलं. पहिल्या फेरीत 20 प्रकल्प निवडले गेले, त्यांना मिळून सुमारे 65 कोटी युरो. म्हणजे एकेका प्रकल्पाला सरासरी तीन कोटींच्या वर. हायड्रोजनवर चालणारं किंवा संकरित विद्युत विमान सुट्या तुकड्यांनी घडत नाही, हा त्यामागचा युक्तिवाद खोटा नाही. पण एवढ्या आकारात चाळीस माणसांची कंपनी एकटी अर्ज करू शकत नाही; तिला कुणाच्या तरी गटात शिरावं लागतं. निधी वाढला, तरी ओळख करून देणाऱ्या मध्यस्थांची गरज आज 'एरोएसएमई'च्या दिवसांइतकीच आहे.