पुणे संवाद : भाषांतराची दिशा आणि ज्ञानव्यवहाराची नीती

भारतीय विद्यापीठांतील तत्त्वज्ञानविषयक परिसंवादांची एक रूढ घडण आहे. पाश्चात्त्य विचारवंताची एखादी संकल्पना इंग्रजीत मांडली जाते आणि तिच्याशी जुळणारे काही संस्कृत ग्रंथांत आढळते काय, याचा शोध घेतला जातो. या व्यवस्थेत परंपरागत पंडिताकडे माहिती पुरविणाऱ्याची भूमिका येते. कठीण पंक्ती त्याने लावून द्यावी; तिचे मोल दुसऱ्या कोणी ठरवावे. ही विभागणी मोडण्याचा एक जाणीवपूर्वक प्रयत्न १९८३ साली पुण्यात झाला. भाषांतर हाच त्याचा गाभा असल्यामुळे तौलनिक साहित्याच्या अभ्यासकांनीही त्याची दखल घेणे अगत्याचे आहे.

जयपूरचे दया कृष्ण (१९२४–२००७) आणि ‘नवभारत’चे संपादक म्हणून मराठी वाचकांना परिचित असलेले मे. पुं. रेगे (१९२४–२०००) हे या उपक्रमाचे प्रमुख प्रवर्तक होत. न्यायशास्त्रात मुरलेले पंडित आणि पाश्चात्त्य तत्त्वज्ञानात शिक्षण झालेले प्राध्यापक यांना त्यांनी समोरासमोर आणले. बर्ट्रंड रसेल यांची विधानविषयक मांडणी संस्कृतात आणून पंडितांपुढे ठेवण्यात आली आणि पंडितांनी तिची संस्कृतातच परीक्षा केली. ही चर्चा ‘संवाद’ या ग्रंथात १९९१ साली भारतीय दार्शनिक अनुसंधान परिषदेतर्फे प्रसिद्ध झाली. दया कृष्ण, रेगे, रामचंद्र द्विवेदी आणि मुकुंद लाठ हे तिचे संपादक.

येथे अडचण केवळ प्रतिशब्दाची नव्हती. निरनिराळ्या भाषांतील वाक्ये ज्या एकाच आशयाची वाहक असतात, आणि कोणी त्याचा विचार करो वा न करो, जो सत्य किंवा असत्य असतो, तो आशय म्हणजे विधान, असे सामान्यतः मानले जाते. न्यायमतात वाक्य आहे, त्यापासून होणारे ज्ञान आहे आणि त्या ज्ञानाचा विषय असलेली वस्तू आहे. या तिहींपलीकडे चौथ्या आशयरूप पदार्थाची गरज नाही. ‘घट निळा आहे’ या ज्ञानात घट हे विशेष्य, निळा वर्ण हा प्रकार आणि समवाय हा त्यांना जोडणारा संबंध. घटात खरोखरच तो वर्ण असेल तर ज्ञान यथार्थ ठरते. यथार्थता हा अशा रीतीने ज्ञानाचा धर्म होतो. म्हणून ‘विधान’ या अर्थाची सोयीची संज्ञा नैयायिकांच्या परिभाषेत न सापडणे हे भाषेच्या दारिद्र्याचे लक्षण नव्हे. ती एक सिद्धांताची भूमिका आहे.

ही भूमिका रसेल यांना सर्वस्वी परकी नाही. १९१२ सालच्या ‘तत्त्वज्ञानाच्या समस्या’ या अर्थाच्या शीर्षकाच्या इंग्रजी ग्रंथात डेस्डिमोना कॅसिओवर प्रेम करते, ही ऑथेल्लोची खोटी समजूत उदाहरणादाखल घेऊन त्यांनी खोट्या आशयाला स्वतंत्र अस्तित्व देणे टाळले. माणसे खरी, प्रेम हा संबंधही खरा; समजुतीत त्यांची जी जुळणी झाली तिला अनुरूप वस्तुस्थिती मात्र नाही. शिंपल्यावर रुप्याचा भास होतो तेव्हा रुपे अन्यत्र खरेच असते, येथे केवळ त्याचा संबंध नसतो, हे नैयायिकांचे अन्यथाख्यातीचे विवेचन याच्या बरेच निकट येते. मात्र नैयायिकांना ज्ञानाचा आश्रय म्हणून आत्मा लागतो. हा भेद दृष्टिआड करून साम्य सांगणे योग्य नव्हे.

या आत्म्याच्या प्रश्नावरच संवादाचे एक फलित दिसते. वाराणसीचे बदरीनाथ शुक्ल यांनी पुढे, न्यायदर्शनाच्या चौकटीत राहून स्वतंत्र आत्मद्रव्याशिवाय काम भागू शकेल काय, ही शक्यता स्वतः तपासली. परंपरेचा अधिकारी पुरुषच परंपरेच्या एका मूलभूत सिद्धांताला प्रश्न करतो, तेव्हा तो माहितीचा पुरवठादार उरत नाही.

न्यायसूत्रांनी कथेचे वाद, जल्प आणि वितंडा असे तीन प्रकार सांगितले आहेत. वादात तत्त्वनिर्णय हे प्रयोजन, जल्पात विजय. आणि वितंडेत स्वपक्ष न मांडता परपक्षाचे केवळ खंडन. पुण्याच्या प्रयोगाची नीती वादाची होती : दुसऱ्याचे उत्तर आपला पक्ष बदलू शकेल, ही तयारी.

तथापि या समतेला मर्यादा होत्या. चर्चेचा विषय रसेल यांच्याकडून आला होता; म्हणजे प्रश्न कोणता, हे तरी पाश्चात्त्य परंपरेनेच ठरविले. संस्कृतमुळे पंडितांना बळ मिळाले, पण श्रोतृवर्ग आक्रसला आणि आधुनिक भारतीय भाषा बाहेर राहिल्या. रेगे यांनी मराठीत विपुल तत्त्वचिंतन केले असल्याने ही उणीव अधिक जाणवते. मराठीतील तात्त्विक परिभाषा संस्कृतातून शब्द घेते आणि अर्थ पुष्कळदा इंग्रजीतून. ‘विधान’ हा शब्दच त्याचे उदाहरण आहे. नैयायिकांनी ज्या संकल्पनेची गरज नाकारली, तिला मराठीने त्यांच्याच भाषेतला शब्द दिला आहे. अशा संज्ञांची दुहेरी वंशावळ तपासणे हे तौलनिक अभ्यासापुढील काम आहे, आणि ते करताना पंडिताला पुन्हा एकदा प्रश्न विचारण्याचा अधिकार द्यावा लागेल.