‘ओर्ट’ म्हणजे काय?

मुंबईच्या जुन्या इंग्रजी खरेदीखतांत ‘ओर्ट’ असा एक शब्द आढळतो. शाळेंतल्या कोशांत तो सांपडत नाहीं. म्हणून वाचणारास ती ‘कोर्ट’ लिहितांना कारकुनाची झालेली चूक वाटते. चूक मुळींच नव्हे! ओर्ट म्हणजे माडांची बाग. पोर्तुगीज ‘ओर्ता’वरून इंग्रजांनीं तो उचलला, यूल व बर्नेल यांच्या 1886 च्या ‘हॉब्सन-जॉब्सन’ कोशांत तो पश्चिम भारतापुरताच म्हणून दिला आहे. आपण हिलाच वाडी म्हणतों. गिरगांवांत वाडी म्हटली कीं आज चाळच डोळ्यांपुढें येते, माड येत नाहीं, हें वेगळें.

त्याचाच सोबती ‘फोरास’. पोर्तुगीज ‘फोरो’ म्हणजे जमिनीवरील ठराविक सारा. सखल, खाऱ्या जमिनी अल्प साऱ्यानें लागवडीस दिल्या, त्या फोरास जमिनी. पुढें त्यांवर मालकी कोणाची, हा तंटा माजला व 1851 चा सहावा कायदा करावा लागला. आम्हां वाशीकरांस हें परकें वाटूं नये. सिडकोनें येथील भूखंड भाडेपट्ट्यानेंच दिले.

तेव्हां पणजोबांचें खत रद्दींत घालण्यापूर्वीं त्यांतील चतुःसीमा वाचावी. ओर्ट असल्यास तेथें माड होते. फोरास असल्यास जमीन साऱ्याची होती.