अवधाण कां येतें?



पायांत कांटा मोडून जखम चिघळली, कीं जांघेंत दुखरी गांठ येते. तिलाच आपण अवधाण म्हणतों. लहानपणीं मलाही तें आलें होतें. मी गांठच चोळीत बसलों; आजी मात्र गांठीकडे न पाहतां म्हणाली, "पाय दाखव." तिच्या या दोन शब्दांचें मर्म मला पुष्कळ वर्षांनीं कळलें.

ही गांठ म्हणजे सुजलेली लसिकाग्रंथि. अशा ग्रंथी आपल्या शरीरांत सुमारें ६०० आहेत. जखमेभोंवतीं झिरपलेला द्रव, म्हणजे लसिका, सूक्ष्म वाहिन्यांतून तेथें येतो. त्याच वाटेनें शाखापेशीही येतात. त्यांची ओळख राल्फ स्टाइनमन व झॅनव्हिल कोहन यांनीं १९७३ सालीं जगाला करून दिली. शाखापेशी त्वचेंत पहारा करिते, जंतु गिळते, त्याचे तुकडे आपल्या अंगावर मांडते व ग्रंथीकडे निघते. जंतूच्या अशा ओळखूं येणाऱ्या अंशास प्रतिजन म्हणतात.

आतां तें ओळखावयाचें कोणीं? तें काम टी-पेशींचें. परंतु प्रत्येक टी-पेशीला ठराविक प्रतिजनच ओळखतां येतें. नव्या जंतूचें एखादें प्रतिजन ओळखणारी पेशी लाखांत एक, किंबहुना दहा लाखांत एक असते. तिनें शरीरभर जखमा शोधीत हिंडावें, तर भेट व्हावयाची केव्हां? यात्रेंत चुकामूक झाल्यास कोठें भेटावयाचें, हें आपण आधींच ठरवितों. तशी निसर्गानें ही जागा ठरविली आहे. टी-पेशी रक्तांतून ग्रंथींत उतरतात, अर्धा-एक दिवस एकामागून एक शाखापेशी चांचपतात, आणि ओळख न पटल्यास लसिकेबरोबर बाहेर पडून पुनः रक्तांत मिळतात व दुसरी ग्रंथि गांठतात.

ओळख पटली, कीं टी-पेशी तेथेंच थांबते व विभागूं लागते; ४-५ दिवसांत एकीच्या हजारों होतात. त्यांतील कांहीं जखमेकडे जातात, कांहीं तेथेंच राहून प्रतिपिंडें निर्माण करणाऱ्या बी-पेशींना साहाय्य करितात. या काळांत ग्रंथींत येणाऱ्या पेशींची रीघ वाढते आणि जाणाऱ्यांची वाट कांहीं वेळ अडविली जाते. म्हणून गांठ फुगते.

तेव्हां अवधाण चोळूं नये. जखम स्वच्छ धुवावी व तिच्यावर उपचार करावा. जखम बरी होऊनही गांठ कित्येक आठवडे राहिली, किंवा न दुखतां वाढून कठीण झाली, तर मात्र डॉक्टरांस दाखविण्यास विलंब करूं नये. क्षय व कर्करोग हेही कधीं कधीं गांठीच्याच रूपानें प्रकट होतात. एरवीं आजीचें ऐकावें, आणि प्रथम पाय पाहावा.