मोठं, पण कशाच्या मानाने?

१८९९ साली स्वीडनमधल्या उप्सालाच्या डॉ. हेन्शेन यांनी स्की-शर्यतीतल्या गड्यांच्या छातीवर बोटांनी टकटक करून हृदय कुठवर पसरलंय ते अजमावलं. ते मोठं निघालं. हेन्शेन म्हणाले, शर्यत जिंकून देतं ते हेच हृदय. पुष्कळांनी मात्र पुढे कित्येक वर्षं त्याच्याकडे दुखणं म्हणूनच पाहिलं.

मोजायचं खरं साधन आलं १९५३ मध्ये, लुंडच्या एडलर आणि हर्ट्झ यांनी ध्वनिलहरी हृदयावर सोडल्या तेव्हा. आजची टू-डी इको तपासणी त्याच घराण्यातली.

मिलिमीटर हाती आले, तरी हृदय अंगाच्या मानाने मोठं का ते पाहायला भागाकार उरलाच. त्यासाठी लागणारं, अंगाचा पृष्ठभाग काढायचं सूत्र ड्यूबॉइस यांनी १९१६ मध्ये मांडलं, तेही अवघ्या नऊ जणांच्या मापांवरून. नऊ! आता एकाच संघातली चौदा वर्षांची दोन मुलं घ्या. एक १५० सेंटिमीटर, ४० किलो. दुसऱ्याला मिसरूड फुटलेलं, १७५ सेंटिमीटर, ६५ किलो. पृष्ठभाग येतो १.३० आणि १.७९ चौरस मीटर. डाव्या जवनिकेची, म्हणजे हृदयाच्या खालच्या डाव्या कप्प्याची, रुंदी समजा ४३ आणि ५० मिलिमीटर. भागून पाहा: ३३ आणि २८. म्हणजे लहानखुऱ्याचंच हृदय फुगलेलं! घोटाळा हृदयात नाही, लांबीला क्षेत्रफळाने भागण्यात आहे. पृष्ठभागाचं वर्गमूळ घेऊन भागलं की दोघेही ३७-३८च्या घरात येतात.

असले भागाकार फसवे आहेत, हे ब्रिटनच्या जेम्स टॅनर यांनी १९४९ मध्येच बजावलं होतं. वयात येण्याचे टप्पे आखून देणारे टॅनर तेच. ते टप्पे बालरोगतज्ज्ञांनी उचलले. हृदयवाल्यांनी भागाकाराचं म्हणणं फार उशिरा मनावर घेतलं, असं मला वाटतं.

२००२ मध्ये संजय शर्मा आणि सहकाऱ्यांनी ब्रिटनमधले ७२० किशोर खेळाडू तपासले. जवनिकेच्या भिंतीची सरासरी जाडी ९.५ मिलिमीटर, एरवीच्या मुलांची ८.४. बाराच्या वर गेले फक्त तिघे, आणि त्यांची जवनिकाही ऐसपैस होती. भिंत जाड आणि आत अडचण, असं दिसलं की मात्र शंका आजाराची.

शंका फिटली नाही तर मोठ्या खेळाडूला तीनेक महिने सराव थांबवायला सांगतात. जाडी उतरली तर ती व्यायामाची. पंधराव्या वर्षी तेवढ्यात पोरगा बोटभर वाढलेला असतो. मग इकोच्या आधी त्याला पुन्हा भिंतीला टेकवून उंची घ्यावी लागते.