भरती आली की रोहित जातात कुठे?

ओहोटी लागली की ठाण्याच्या खाडीकाठी दूरवर चिखल उघडा पडतो. पुलावरून जाणाऱ्याला ती नुसती घाण वाटते. पण हिवाळ्यापासून पावसाच्या तोंडापर्यंत त्याच चिखलात हजारो रोहित, म्हणजे फ्लेमिंगो, माना खाली घालून उभे असतात ते जेवायला. धाकटा रोहित चोच उलटी करून पाण्यात बुडवतो. जीभ पंपासारखी मागेपुढे होते, पाणी बाहेर फेकले जाते आणि चोचीतल्या बारीक जाळीत सूक्ष्म शेवाळ अडकून राहते. पिसांचा गुलाबी रंग याच शेवाळातल्या कॅरोटिनॉइड द्रव्यांचा. थोरला रोहित कोळंबीसारखे बारीक जीव आणि अळ्याही गाळून खातो. शेवाळ फोफावण्यात शहराच्या सांडपाण्यातील नायट्रोजन-फॉस्फरसचाही हात आहे. कौतुकाचे पाहुणे आपल्या गटारांवर पोसले जातात, हे ऐकायला बरे वाटत नाही इतकेच.

तिवरांची पाने गळून कुजली की त्यावर खेकडे, निवट्या, कोळंबीची पिल्ले जगतात. आखूड चोचीचे चिखल्या पक्षी वरवरचे किडे टिपतात, लांब वाकड्या चोचीचे खोलवरचे ओढून काढतात. एकाच चिखलात पंगती अशा वेगवेगळ्या बसतात.

अडचण भरतीची आहे. दिवसातून दोनदा पाणी चढते आणि सारा चिखल बुडतो. तेवढे तास रोहितांना उथळ, निवांत जागा हवी असते. म्हणून थवे नेरूळ, सीवूड्स, पाणजे इथल्या पाणथळींकडे उडतात. खाडीतील अभयारण्य २०१५ मध्ये जाहीर झाले, २०२२ मध्ये त्याला रामसर दर्जाही मिळाला. विसाव्याच्या या जागा मात्र त्या हद्दीबाहेर आहेत. ताटाला संरक्षण आणि अंथरुणाला नाही, असा हा प्रकार.

विमानतळाजवळ पक्षी नकोत म्हणून तळी बुजवावीत, असेही सुचवले जाते. पण खाडीत अन्न आहे तोवर थवे येणारच. विसाव्याची जागा गेली तर ते आणखी भटकतील, कदाचित थेट विमानांच्या वाटेत. २०२४ च्या उन्हाळ्यात नेरूळच्या एका तलावात खाडीचे पाणी येण्याचा मार्ग अडला, पाणी साचून बिघडले आणि कोरडेही पडू लागले. त्याच हंगामात तिथे रोहित मेलेले आढळले. तिथे नवे काही बांधायचे नव्हते. भरतीचे पाणी आत आणणारी वाट तेवढी मोकळी करायची होती.